माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि मुंबई इलाख्यातील लोकशिक्षणाचा पाया

मूळ लेख (धागाकर्ता: जुनीवही)

इंग्रजी अमदानीतील शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा मेकॉलेच्या, इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणाऱ्या, १८३५ च्या टिपणापाशी जाऊन थांबते. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर हे कालक्रमालाही धरून नाही. मेकॉलेने हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याच्या दहा वर्षे आधी, १३ डिसेंबर १८२३ रोजी, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने शिक्षणाविषयी एक सविस्तर टिपण लिहिले होते. त्यात मातृभाषेतील शाळा आधी होत्या आणि इंग्रजी नंतर होती. सरकारी पैशातून चालणारे शिक्षण, छापील मराठी पाठ्यपुस्तके आणि शिकवून तयार केलेले शिक्षक या तीन गोष्टी आपल्या भागात एकत्र आल्या त्या या टिपणाच्या आगेमागे. एल्फिन्स्टनचे मूल्यमापन त्याच्या नावाच्या कॉलेजावरून न करता या टिपणावरून आणि त्यातल्या उणिवांवरून करावे, असे मला वाटते, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

त्याच्या पूर्वायुष्याचा तपशील थोडक्यात देतो. स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात ६ ऑक्टोबर १७७९ रोजी त्याचा जन्म झाला आणि वयाच्या सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीची नेमणूक हातात घेऊन त्याने घर सोडले. काशीला असताना वजीर अलीच्या १७९९ च्या उठावातून तो कसाबसा वाचला. पुढे पुण्यात रेसिडेंटाचा (म्हणजे दरबारातील कंपनीच्या वकिलाचा) साहाय्यक म्हणून आला, १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता, त्यानंतर नागपूरला रेसिडेंट झाला, १८०९ मध्ये पेशावरला जाऊन शाह शुजाला भेटला आणि १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून पुण्यास परतला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरातील खून, त्रिंबकजी डेंगळ्यांची कैद, पुढची तहनामे आणि ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई हा भाग आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्यात त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. पहाटे उठून ग्रीक आणि फारसी वाचणाऱ्या माणसाचे हे नुकसान लहान नव्हते.

पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा बंदोबस्त कमिशनर म्हणून त्याच्याकडे आला आणि १ नोव्हेंबर १८१९ रोजी तो मुंबईचा गव्हर्नर झाला. हे पद त्याने आठ वर्षे सांभाळले. राज्य बुडवणारा आणि शाळा उभारणारा माणूस एकच होता, ही गोष्ट नजरेआड करून त्याच्या शिक्षणकार्याविषयी बोलता येणार नाही. जुन्या सत्तेने ज्यांना पोसले, तो विद्वान वर्ग दुखावला तर नवे राज्य टिकणार नाही, हे तो पुरेपूर जाणून होता. पेशव्यांच्या काळी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. एल्फिन्स्टनने ती एकाएकी बंद केली नाही. तिचा काही भाग विद्येच्या कामाकडे वळवला आणि त्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज आणि त्यानंतर डेक्कन कॉलेज झाली.

आता टिपणाविषयी. त्यातील कलमांचा आशय असा आहे. गावोगाव चाललेल्या शाळांतील शिकवण्याची रीत सुधारावी आणि शाळांची संख्या वाढवावी. त्यांना पुस्तके पुरवावीत. खालच्या थरातील लोकांना शिक्षणाचा लाभ घेण्यास उत्तेजन द्यावे. युरोपीय शास्त्रे शिकवण्याची सोय करावी. नीती आणि भौतिक शास्त्र यांवरील पुस्तके देशी भाषांत तयार करून छापावीत. ज्यांना इंग्रजीचा एक अभिजात भाषा म्हणून आणि युरोपातील शोध समजून घेण्याचे साधन म्हणून अभ्यास करायचा असेल, त्यांच्यासाठी इंग्रजी शाळा काढाव्यात. हा क्रम लक्षात घ्यावा. पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांनी नेमका हाच क्रम उलटा केला.

शिक्षण कशासाठी, याचे त्याने दिलेले कारण मला या टिपणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. गरिबांचे सुख बहुतांशी त्यांच्या शिक्षणावर अवलंबून असते आणि विचारीपणा व स्वाभिमान यांच्या सवयी केवळ शिक्षणानेच लागतात, असे तो म्हणतो. त्याच्यासमोर उदाहरण आहे ते रयतेचे. लहान वयातील लग्ने, जन्मभराची पुंजी एखाद्या कार्यात उधळणे, सावकाराच्या तावडीत सापडलेला असहाय कुणबी, हे सगळे त्या टिपणात आहे. सरकारी कचेऱ्यांना कारकून हवेत, हाही हेतू होताच, परंतु युक्तिवादाचा भार त्यावर नाही. पेशव्यांच्या मुलखात दहा वर्षे वावरलेल्या माणसाने खेडे पाहून लिहिलेले ते टिपण आहे.

धर्माबाबत त्याची भूमिका कडक होती. शिक्षणाच्या योजनेत धर्माची तिळमात्र भेसळ झाली तरी आपला तिला सक्त विरोध राहील, असे त्याने लिहून ठेवले. मिशनऱ्यांच्या उत्साहाच्या त्या काळात इंग्रज गव्हर्नराने ही रेघ आखणे सोपे नव्हते. सरकारी शाळा आणि मिशनच्या शाळा असे दोन स्वतंत्र प्रवाह आपल्याकडे पुढे वाहत राहिले, त्याचे एक मूळ या वाक्यात आहे.

एक खुलासा येथेच करतो, कारण हा घोळ नेहमी होतो. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे (आताच्या प्रभादेवीचे) नाव याचे नव्हते. ते त्याचा पुतण्या लॉर्ड एल्फिन्स्टन याचे होते, जो १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. कॉलेजाचे नाव मात्र माउंटस्टुअर्टचेच आहे.

प्रतिसाद (कृष्णाकाठ)

लेख आवडला, पण शीर्षकातील ‘पाया’ या शब्दाला माझी हरकत आहे. पाया आधीच होता. मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, आपल्या मुलखात लहान असो वा मोठे, एक तरी शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत कलेक्टरांकडून शाळांची माहिती मागवण्यास सुरुवात झाली आणि १८२९ मध्ये तिची बेरीज झाली, तेव्हा सुमारे ४७ लाख वस्तीच्या इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी असल्याचे दिसले. प्रेंडरगास्ट यांचे विधान आणि हा आकडा यांच्यात अंतर आहे. घरातल्या घरात चालणारे शिक्षण या मोजणीत आले नसावे, असा माझा तर्क आहे. ते काही असले तरी कोऱ्या पाटीवर कोणी श्रीगणेशा केला नव्हता, एवढे निश्चित.

या शाळा कशा होत्या, हेही सांगितले पाहिजे. देवळाची ओवरी, एखाद्याची पडवी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर, हीच शाळेची जागा. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. आधी बाराखडी, मग अंक, मग पाढे, आणि त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मोठ्याने परवचा म्हणायचा. लिहायला मोडी शिकवत, कारण व्यवहाराचे सगळे कागद मोडीत असत. छापील पुस्तक कोणाच्या हातात नसे. पंतोजींना पगार नव्हता, त्यांना मुलांच्या घरून धान्य, थोडे पैसे आणि सणावाराला शिधा मिळे. मोठी मुले धाकट्यांना शिकवत, म्हणून एकटे पंतोजी पाच-पंचवीस मुले सांभाळू शकत. मी पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आहे आणि तोंडी हिशेबाची जी तयारी या पद्धतीतून होत असे, ती आम्हाला पुढे साधली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मात्र या शाळांत कोण बसत असे, हेही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ब्राह्मण, वाणी, सोनार, काही ठिकाणी पाटील-कुलकर्ण्यांची मुले. मुली जवळपास नाहीतच, आणि गावकुसाबाहेरच्यांचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे जुन्या शाळांचे गुणगान करताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो.

प्रतिसाद (जुनीवही)

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि टिपणातील पहिले कलमही त्याच्याच बाजूचे आहे. ‘असलेल्या शाळा सुधाराव्यात आणि वाढवाव्यात’ असे एल्फिन्स्टन म्हणतो, तेव्हा त्या शाळांचे अस्तित्व आणि उपयोग तो गृहीतच धरतो. या बाबतीत मद्रासचा टॉमस मन्रो त्याच्या अगदी जवळचा होता. मन्रोने १८२२ मध्ये आपल्या इलाख्यातील शाळांची मोजणी करण्याचा हुकूम दिला. आधी पाहावे, मोजावे आणि मग हात घालावा, ही वृत्ती दोघांत समान होती. ‘पाया’ या शब्दाने मला सरकारी शिक्षणव्यवस्थेचा पाया अभिप्रेत होता. शिक्षणाचा पाया असा त्याचा अर्थ होऊ नये.

प्रतिसाद (माळरान)

या धाग्यात अद्याप कोणी स्पर्श न केलेली गोष्ट मी मांडतो आणि ती मला गौण वाटत नाही. ज्या टिपणात गरिबांच्या सुखाची इतकी कळकळ आहे, त्याच टिपणात एल्फिन्स्टन असेही लिहितो की, मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी आढळतात, परंतु त्यांना विशेष उत्तेजन देताना आपण सावध असले पाहिजे. त्याने दिलेले कारण असे की, समाजात त्यांचा सर्वाधिक तिरस्कार होतो, त्यांची संख्याही कमी आहे, आणि आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यात रुजली तर ती पुढे कधीच पसरणार नाही. म्हणजे गुणवत्ता कोठे आहे, हे त्याला दिसत होते. ती पाहूनच त्याने दार लोटून घेतले.

या एका वाक्याचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने हस्तक्षेप केला नाही. एका व्यक्तीसाठी इतरांच्या नाराजीचा धोका पत्करणे सरकारला बरोबर वाटले नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, हे १८५८ मध्ये तत्त्व म्हणून जाहीर झाले, तरी व्यवहारात ते उतरण्यास पिढ्या गेल्या.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन या संदर्भात वाचावे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या कल्पनेचा त्यांनी अनुभवाच्या आधारे प्रतिवाद केला आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असेही ते सांगतात, कारण असा शिक्षक मुलांत मिसळतो आणि त्यांच्या गरजा ओळखतो.

पुढे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एल्फिन्स्टनच्या टिपणातील नेमका हाच उतारा पुढे ठेवला. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांचे शिक्षण मागे का राहिले, याचे उत्तर शोधताना त्यांनी थेट मूळ दस्तऐवजावर बोट ठेवले. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये पदवीधर झाले. त्या टिपणाची परीक्षा करण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचा असेल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद (जुनीवही)

माळरान, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात ‘उणिवा’ असे म्हटले, तेव्हा हाच उतारा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तुम्ही तो धारवाडपर्यंत आणि पुढे १९२८ पर्यंत नेला, हे फार चांगले झाले.

माझे मत असे आहे की, ही भीती त्याच्या राजकारणातून आली. विश्रामबागवाड्याची पाठशाळा आणि हे वाक्य या दोहोंमागे एकच हिशेब होता. पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरू द्यायचा नाही. त्या हिशेबाची किंमत कोणी मोजली, हे तुम्ही दाखवलेच आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. त्याच कलमांच्या यादीत खालच्या थरांना उत्तेजन देण्याचेही कलम आहे. त्या कलमातील खालचा थर म्हणजे कुणबी-कारागीर, आणि त्याच्याही खाली उभ्या असलेल्या माणसाशी गाठ पडताच योजना थबकते.

प्रतिसाद (नवाहौशी)

माझा प्रश्न कदाचित साधा वाटेल. इंग्रजांना लोकांना शिकवण्याची गरजच काय होती? शिकलेले लोक एक दिवस राज्य मागतील, हे त्यांना कळत नव्हते का? आणि त्याच्या कौन्सिलात सगळे त्याच्याशी सहमत होते का?

प्रतिसाद (जुनीवही)

कळत होते, आणि याविषयी एक प्रसिद्ध प्रसंग आहे. त्याचा सहकारी जॉन ब्रिग्ज एकदा त्याच्या तंबूत गेला. तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ही कशासाठी, असे ब्रिग्जने विचारले. एल्फिन्स्टन म्हणाला, “इथल्या लोकांना शिकवण्यासाठी. पण आपल्याला युरोपात परत नेणारा राजरस्ताही हाच आहे.” मग गव्हर्नर असताना तुम्ही हे काम हाती घेण्याचे धाडस कसे केले, असे ब्रिग्जने विचारले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर असे होते की, काहीही झाले तरी त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य आपण केलेच पाहिजे. ही आठवण ब्रिग्जने सांगितलेली आहे, त्यामुळे शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. परंतु हा विचार एल्फिन्स्टनच्या इतर लिखाणाशी जुळतो. हे राज्य कायमचे नाही, असे तो उघडपणे मानत असे.

सहमतीचे म्हणाल तर ती नव्हती. कौन्सिलातील फ्रान्सिस वॉर्डन याचा आग्रह इंग्रजीवर होता. अनेकांना थोडे थोडे शिकवण्यापेक्षा मोजक्यांना पुष्कळ शिकवणे अधिक बरे आणि सुरक्षित, असे त्याचे मत होते. सरकारने एवढा खर्च अंगावर घ्यावा, हेही त्याला पटत नव्हते. लंडनच्या संचालकांकडूनही पैशाला सहज होकार मिळत नसे. १८१३ च्या सनदेने साऱ्या हिंदुस्थानातील विद्येसाठी वर्षाला एक लाख रुपये ठरवले होते, यावरून एकंदर कल समजावा. एल्फिन्स्टनने मागितलेले सगळे त्याला मिळाले नाही आणि टिपणातील पुष्कळसा भाग त्याच्या कारकिर्दीत कागदावरच राहिला.

प्रतिसाद (शिळाछाप)

तंबूतील त्या ढिगाचा उल्लेख झाला, म्हणून पुस्तकांविषयी लिहितो, कारण या सबंध कथेतील प्रत्यक्ष काम तेथे झाले आणि ते करणाऱ्यांची नावे फारशी कोणी घेत नाही.

पुस्तके तयार करण्यासाठी १८२० च्या सुमारास मुंबईत एक समिती नेमली गेली. १८२२ मध्ये तिची स्वतंत्र संस्था झाली आणि पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. एल्फिन्स्टन स्वतः तिचा अध्यक्ष होता. सेक्रेटरी होता इंजिनियर खात्यातील कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि नेटिव्ह सेक्रेटरी होते सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे. पुढे हे पद बाळशास्त्री जांभेकरांकडे आले.

अडचण काय होती, याची कल्पना करा. भूमिती मराठीतून शिकवायची, तर तिच्या प्रत्येक संज्ञेला मराठी शब्द हवा. काही शब्द संस्कृत ग्रंथांत सापडत आणि काही नव्याने घडवावे लागत. जर्व्हिसने इंग्रजी गणितग्रंथ समोर ठेवून काम केले आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत त्याच्याबरोबर बसले. सरळ, निरूपणाचे, मुलांना कळेल असे गद्य तोवर मराठीत फारसे नव्हते. बखरीचे गद्य वेगळे आणि ओवीची परंपरा वेगळी. बापू छत्र्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये आली, तेव्हा शाळेतील मुलासाठी लिहिलेले मराठी गद्य घडू लागले होते.

दुसरे मोठे काम कोशाचे. मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्रीमंडळी बसली, निरनिराळ्या भागांतून शब्द गोळा झाले आणि १८२९ मध्ये मराठी-मराठी कोश, तर १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. देशावरचा शब्द कोणता, कोकणातला कोणता, हे त्यात नोंदलेले आहे. मोल्सवर्थचा कोश मी आजही आठवड्यातून दोनदा तरी उघडतो.

शिक्षक तयार करण्याचे काम याच संस्थेने केले. १८२६ मध्ये चोवीस शिकवून तयार केलेले शिक्षक मराठी आणि गुजराती मुलखात पाठवले गेले. त्यांच्या हातात छापील पुस्तके होती आणि त्यांचा पगार सरकारकडून येणार होता. पंतोजींपासून वेगळा असा ‘सरकारी मास्तर’ आपल्याकडे आला तो असा. याच काळात जर्व्हिसच्या देखरेखीखाली मुंबईत इंजिनियरिंगची शाळा आणि डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली वैद्यकीची शाळा चालू होती आणि दोन्हींत देशी भाषांतून शिकवले जाई. १८३२ मध्ये त्या बंद झाल्या. मराठीतून वैद्यक आणि स्थापत्य शिकवण्याचा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि तो मध्येच सोडून देण्यात आला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्रतिसाद (कृष्णाकाठ)

शिळाछाप, उत्तम माहिती. एक भर घालतो. ही पुस्तके बाळबोधीत छापली गेली आणि शाळांत मोडीबरोबर बाळबोधीचा वापर वाढला. खेड्यातील पालकांना ते सहजासहजी मानवले नसावे, असे मला वाटते, कारण खत, पावती, कूळवहिवाट सगळे मोडीत चाले आणि मुलाला ते वाचता यावे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. सरकारी शाळांतूनही मोडी पुढे दीर्घकाळ शिकवावी लागली. मी स्वतः शाळेत मोडीचे वळण गिरवले आहे.

प्रतिसाद (नवाहौशी)

मग त्याच्याच नावाचे कॉलेज इंग्रजी शिक्षणाचे केंद्र कसे झाले? टिपणात तर मातृभाषा आधी होती.

प्रतिसाद (जुनीवही)

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या शेटियांकडे आहे. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये परत जायला निघाला, तेव्हा शहरातील हिंदू, पारशी आणि मुसलमान पुढाऱ्यांनी सभा घेतली आणि त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. पुतळा उभारून भागले असते, पण त्यांनी ठरवले ते असे की, या पैशाच्या व्याजातून विलायतेहून प्राध्यापक आणावेत, त्यांनी इंग्रजी भाषा आणि युरोपीय शास्त्रे शिकवावीत, आणि इथले लोक ती पदे भूषवण्यास समर्थ होतील तोवर ही व्यवस्था राहावी. म्हणजे इंग्रजीची मागणी खालून, मुंबईच्या व्यापारी वर्गाकडून आली. ती त्यांना कोणी बाहेरून शिकवली नव्हती. व्यापार, दर्यावर्दी दलाली, कोर्टकचेरी यांत इंग्रजीची किंमत काय आहे, हे त्यांना रोज दिसत होते.

ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोन प्राध्यापक १८३० नंतरच्या दशकात आले आणि बाळशास्त्री जांभेकर तेथे साहाय्यक प्राध्यापक झाले. तोवर १८३२ मध्ये त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलेले होते. ठरावातील ती अट पुरी झाली ती दादाभाई नौरोजींच्या रूपाने. याच संस्थेत शिकलेले दादाभाई पुढे तेथेच गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही तिथलेच. भांडारकर तर पुढे डेक्कन कॉलेजात दक्षिणा फेलो होते. रमण्यातील दक्षिणा अशी फिरत फिरत आधुनिक संशोधनापर्यंत पोचली.

भाषेचा वाद मात्र मिटला नाही. बोर्ड ऑफ एज्युकेशन १८४० मध्ये स्थापन झाले आणि १८४३ पासून सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि थोड्यांना चांगले द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या विरुद्ध बाजूला जगन्नाथ शंकरशेट आणि तेच जर्व्हिस उभे राहिले. नाना शंकरशेटांचे म्हणणे असे की, सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोचवायचे असेल, तर ते तिच्याच भाषेतून पोचवावे लागेल, आणि इंग्रजी शिकणाऱ्यांनी ते ज्ञान देशी भाषांत आणावे. या वादात एल्फिन्स्टनच्या टिपणाची बाजू खऱ्या अर्थाने लढवली ती नानांनी. १८४७-४८ मध्ये हा वाद टोकाला गेला. सरकारने प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून आणि उच्च शिक्षण इंग्रजीतून, अशी वाटणी पत्करली आणि १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानेही तीच चौकट कायम केली.

प्रतिसाद (माळरान)

शंकरशेटांचा मुद्दा येथे यायलाच हवा होता. त्याच्या जोडीला एवढेच नोंदवतो की, १८४८ मध्ये, म्हणजे हा भाषेचा वाद ऐन भरात असताना, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. कोणत्या भाषेत शिकवावे, यावर मुंबईच्या बोर्डात टिपणे लिहिली जात होती, तेव्हा कोणाला शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात दिले जात होते. पुढच्या काही वर्षांत त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. शिक्षण खालून रुजले तर पुढे पसरणार नाही, या १८२३ च्या गृहीतकाला त्या शाळांनी पंचवीस-तीस वर्षांत उत्तर दिले.

प्रतिसाद (जुनीवही)

सहमत. धाग्याच्या सुरुवातीला मी म्हटले होते की, त्याचे मूल्यमापन टिपणावरून आणि त्यातील उणिवांवरून करावे. या चर्चेनंतर मला वाटते की, त्या टिपणाचे जे चांगले होते ते छत्रे, जांभेकर आणि शंकरशेट यांनी पुढे नेले आणि जे त्यात नव्हते ते फुले दांपत्याला स्वतः उभे करावे लागले.

काही वाचकांनी व्यक्तिगत निरोपातून त्याच्या अखेरच्या दिवसांविषयी विचारले आहे. इंग्लंडला परतल्यावर गव्हर्नर जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले. १८४१ मध्ये हिंदुस्थानच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि उरलेले आयुष्य सरेमधील हूकवुड येथे पुस्तकांत घालवले. २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो वारला, म्हणजे मुंबई विद्यापीठाची स्थापना आणि कंपनी सरकारचा शेवट हे दोन्ही त्याच्या हयातीतच झाले. डेक्कन कॉलेजाच्या येरवड्यास जाण्याचा आणि विश्रामबागवाड्याला लागलेल्या आगीचा भाग पुढचा आहे. त्यावर शिळाछाप यांनी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.